फळीवर चढवलेली मिठाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मिठाची. झाकण दुसऱ्याच बरणीचं. पण उचगावात मालुबाईंच्या स्वयंपाकघरातली शेगडीशेजारची जागा माझीच. लग्नानंतर त्यांनीच मला बेळगावच्या बाजारातून आणलं. त्यांची चिमूट म्हणजे चिमूट! आमटी कधी खारट नाही की अळणी नाही.

मग मालुबाईंचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली आणि मीठ बेतानं खा म्हणाले. पण आमच्या बाईंना अर्धवट काही जमत नाही. "मीठ बंद म्हंजे बंद!" म्हणून मला वरच्या फळीवर चढवलं. सून माधवी म्हणायची, "आत्ती, जरा तरी घाला की." ऐकतंय कोण?

पुढचं आठवलं की अजून धडकी भरते. मालुबाईंचं जेवण तुटलं. पाणी मात्र तांब्यावर तांब्या. भिंतीशी बोलू लागल्या. एका दुपारी माधवीचा हात झिडकारून ओरडल्या, "कोण गं तू? माझ्या घरात का शिरलीस?" आई गं! लेकीसारखी सून, आणि तिलाच ओळखेनात! मला वाटलं, आमच्या मालुबाई गेल्याच.

"आईला येड लागलं व्हय गं?" मुलगा रविराज रडकुंडीला आला.

"लागीर हाय ते," शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या. "आधी दृष्ट काढा, मग देवरुशाकडं न्या."

मला खाली उतरवलं. मूठभर मीठ-मोहऱ्या मालुबाईंवरून ओवाळून परसातल्या चुलीत टाकल्या. केवढी तडतड झाली! मीठ डोक्याभोवती फिरलं, पोटात कणभर गेलं नाही.

देवरुशाकडं न्यायला रिक्षात बसवतानाच त्यांना फिट आली. डोळे फिरले, दातखीळ बसली. मी भीतीनं गारठले. रविराजनं रिक्षा तशीच बेळगावच्या दवाखान्याकडं पिटाळली.

घर ओस पडलं. काही दिवसांनी मालुबाईंना घेऊन परतल्यावर माधवीनं बाळाबाईंना सांगितलं, "मावशी, येड न्हाय, लागीर न्हाय. रक्तातलं मीठ पार उतरलं हुतं. ती गोळी, मीठ बंद, वर नुसतं पाणी. सलाईन हळूहळू चढवलं, गोळी बदलली. आणखी उशीर झाला असता तर..."

मालुबाई शेगडीपाशी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मीठ घेतलं. आमटीत टाकलं. मी श्वास रोखला.

"माधवी, चाखून बघ गं."

नावानं हाक मारली हो त्यांनी!

मित्रांनो, आपल्या मनानं मीठ तोडू नका, वाढवूही नका. घरातलं माणूस अचानक वेगळं वागू लागलं, तर आधी डॉक्टरकडं न्या, रक्त तपासा. कधी मीठ, कधी साखर, कधी थायरॉईड, आत काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही. मला चुलीत उधळायचं ते मागाहून बघा. ती तडतड मला पुन्हा ऐकवू नका.