धम्मदीपाचा जबाब

माझं डोकं लहानपणापासून गरम. आई म्हणायची, बबनच्या नाकावर राग बसलेलाच असतो. पण त्या शनिवारी इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकच्या बाजारात मी दुपारभर थंड होतो, हे आधी लक्षात घ्या.

माझी धाकटी बहीण धम्मदीपा पत्रकं वाटत होती. प्रांताच्या विधानसभेचा कारभार बाहेरच्या ऑडिटरने तपासावा की नाही, यावर बुधवारी मतदान होतं, आणि ही बाई 'तपासावा'वाल्यांची पुढारी. एनस्खेडेला पीएचडी करून इथलीच नागरिक झालेली. मला तर मतही नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज नुकताच हेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, दिला होता. अशात मारामारीची केस लागली की संपलं, बसा वर्षानुवर्षं बोंबलत. म्हणून तिने सकाळीच बजावलं होतं, "दादा, काहीही झालं तरी हात उचलायचा नाही."

"बरं बाई, हात खिशात," मी म्हटलं.

एक धिप्पाड माणूस दोनदा येऊन शिव्या देऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तो सायकलला लावायची जाड साखळी घेऊनच. बाजार उठत आला होता, कोपऱ्यात आम्ही तिघंच. त्याने टेबल उलथलं. दीपा पत्रकं गोळा करायला वाकली आणि त्याने साखळी तिच्या तोंडावर हाणली. तिच्या तळहातावर रक्त आलं, दात खाली पडले. त्याने साखळी परत उगारली.

मी त्याच्या नाकावर ठोसा घातला. हाड मोडलेलं हाताला कळलं. तो आडवा झाला, साखळी मी लांब भिरकावली. इथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो. अरे हरामखोरा, माझ्या बहिणीचं तोंड फोडतोस? बुटाने बरगड्यांत लाथा घातल्या. तो गयावया करत होता, मला ऐकू येत होतं, आणि खरं सांगू, बरं वाटत होतं.

हॉस्पिटलात दीपाच्या ओठाला टाके पडले. बाहेर पोलीस थांबले होते. तो माणूस सांगत होता की आम्हीच दोघांनी त्याला धरून मारलं, आणि त्यावर कोणाचा विश्वास नव्हता. कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. साक्षीला उरली एकटी दीपा.

मी तिच्या कानाशी गेलो. "दीपे, एक ठोसा मारला एवढंच सांग. तुला वाचवायला मारलेल्याचा गुन्हा होत नाही. तो पडल्यानंतरचं काही काढू नकोस."

तिला धड बोलता येत नव्हतं. "आणि बुधवारी लोकांना काय तोंड दाखवू? हिशोब फक्त विधानसभावाल्यांनीच द्यायचा?"

"खड्ड्यात गेलं तुझं मतदान! तुझ्या वहिनीला मी काय सांगू ते बोल."

ती रडायला लागली. मग डोळे पुसून पोलिसांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मला चौकीत बोलावलं. पोलीसबाईंनी तिचा जबाब सावकाश इंग्रजीत वाचून दाखवला. भावाने एक ठोसा मारून मला वाचवलं. तो माणूस पडल्यावर भावाने त्याला तीन लाथा मारल्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी बहीण आणि ही तऱ्हा! वाटलं, समोरचं टेबल उचलून आपटावं.

"त्या जखमी होत्या, गोंधळल्याही असतील," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हे मान्य नसेल तर तसं लिहिते."

सुटायला एवढं पुरे होतं. फक्त 'नाही' म्हणायचं, की मी मोकळा आणि दीपा खोटारडी. मग पेपरवाले तिला सोलून काढणार. मला तिचा तो सुजलेला ओठ आठवला. त्या तोंडाने तिने एकेक शब्द कसा बाहेर काढला असेल? रागावू तरी किती मी तिच्यावर? माझ्याच आईची लेक ती.

"मान्य आहे," मी म्हटलं. "फक्त तीन नाही, चार लिहा. शेवटची तिला दिसली नसेल, ती खाली दात शोधत होती."