राणीकिडा

"पडला! अरे पडला किडा!" कुणीतरी ओरडलं आणि जनीच्या अंगणातली सगळी माणसं परातीवर वाकली. पाण्यात खरंच बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत होते. वैशाखरे गावाहून आलेले कमळाकरबुवा घाम पुसत म्हणाले, "पोरीच्या मेंदूत घर केलं व्हतं यांनी. दाक्तरच्या यंत्राला हे दिसत नाय. त्याला दृष्टी लागते!"

बुवांची दृष्टी अशी : परातीत पाणी, पाण्यात विटेवर निखाऱ्यांचं खापर, निखाऱ्यांवर तुपात कालवलेलं रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी. शेजारी जनीची सहा वर्षांची नात भूमिका, खापरावर डोकं वाकवून. वर खाट, आणि खाटेवरून सोडलेली घोंगडी. धुरी कानातून आत शिरते आणि किडा गुदमरून खाली पडतो म्हणे. बाहेर काढल्यावर भूमिका भडाभडा ओकली, कोपऱ्यात पडली आणि झोपली. उठली तेव्हा डोकं धरत नव्हती. आणखी पुरावा तो कसला हवा?

तिच्या आईला, गिरजाला, त्या दिवशी सगळ्यांहून जास्त आनंद झाला. भूमिका बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती, जवळ घेतली तर अंग आखडायची. एका ओळीत चिंचोके मांडत दिवस काढायची. आणि अधूनमधून मात्र कपाळ पितळी हंड्यावर दाबायची, उजेड दिसला की किंचाळायची, भाताच्या कणगीमागे अंधारात शिरायची. बाजारातल्या एका डॉक्टरनं हातही न लावता सांगितलं होतं, "अशी पोरं डोकं आपटतातच." नवरा कुंडलिक वाशिंदला कारखान्यात, तो यायचा रविवारी. पोरीला बाहेरचं काही लागलंय म्हणून विहिरीवर बायका आपले हंडे बाजूला सारायच्या. गिरजा दिवसभर एकटीच बोलायची आणि संध्याकाळी तिचं तिलाच रडू यायचं.

पंधरवड्यात दुखणं परत आलं. बुवा डगमगले नाहीत.

"ती पिल्लं व्हती. राणीकिडा आतच हाय. अमावास्येला काढतो."

"मग मागल्या टायमाला का नाय सांगितलंत?" गिरजानं विचारलं.

"राणी लाजाळू असते," बुवा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

"तू गप गो," सासू जनी करवादली. "पोर बरी व्हायला नको का तुला?"

दुसरा रस्ता गिरजालाही ठाऊक नव्हता.

अमावास्येच्या सकाळी अंगण पुन्हा भरलं. भूमिकाला खाटेखाली बसवलं, घोंगडी सोडली. खाटेची मागची बाजू घराच्या दाराला लागून होती. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बुवांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. खापर तडतडू लागलं.

"हलतेय! राणी हलतेय! बघा, पोरगी कशी थरथरतेय!"

तेवढ्यात घरातून टण्ण असा आवाज आला. हंड्यावर कपाळ टेकल्याचा. तो आवाज साऱ्या गावात एकट्या गिरजाला ओळखीचा होता. ती आत धावली. भूमिका हंड्याला बिलगून, डोळे घट्ट मिटून उभी होती.

बाहेर जल्लोष झाला. "पडली! राणी पडली!"

गिरजानं बाहेर येऊन घोंगडी ओढली. परात किड्यांनी भरली होती. खाटेखाली कुणीच नव्हतं.

"बुवा, हे कुनाच्या डोक्यातले?"

बुवांनी रिकाम्या खाटेखाली बोट दाखवलं. "तिची... तिची सावली व्हती ना आत!"

गिरजानं त्यांच्या पिशवीतलं मूठभर बी उचललं आणि निखाऱ्यांवर टाकलं. तड, तड, तड. सावलीसुद्धा नसताना पाण्यात किडे पडले. मग तिनं एक बी नखानं फोडलं. आत तसाच पांढरा, वळलेला कोंब होता. तापलं की बी फुटतं आणि कोंब उडून पाण्यात पडतो, एवढीच ती राणी.

बुवांनी घोंगडी गुंडाळली आणि घाटाकडची एसटी गाठली. माणसंही एकेक करून पांगली.

दुसऱ्या दिवशी भूमिकाच्या डोळ्यांवर ओढणी धरून गिरजा एकटीच तिला घेऊन मुरबाडला गेली. तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी खोलीतला दिवा मालवला. पोर शांत होईपर्यंत थांबल्या, मग तपासलं.

"हिला स्वमग्नता आहे, ऑटिझम म्हणतात ते. जन्मतःच अशी आहे ती, लागलेलं काही नाही. आणि डोकं खरंच दुखतंय तिचं. अर्धशिशी असावी. डोळे, कान, दात बघू, मग नक्की सांगते."

"पण पहिल्या धुरीनं ऱ्हायलं व्हतं..."

"ओकून झोप लागली की हे दुखणं पुष्कळदा आपणहून उतरतं. धुरानं उलट वाढलं असेल. घरात कुणाला अर्धशिशी आहे?"

गिरजाला डोक्याला फडकं बांधून अंधारात पडलेली सासू आठवली.

घरी आल्यावर तिनं ते सांगितलं. जनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माजंच दुखनं गो," ती म्हणाली. "मला ठाव व्हतं कसं असतं ते. तरी मी तिला धुरीत बसवली." आणि ती रडली.

पुढच्या वेळी भूमिकानं डोकं धरलं तेव्हा गिरजानं डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध पाजलं. जनीनं खिडकी लावली, ओलं फडकं घेतलं आणि कणगीमागे जाऊन बसली. नातीला हात लावला नाही, फक्त फडकं तिच्याजवळ सरकवलं. भूमिकानं ते आपल्या हातानं कपाळावर घेतलं.

वाचकहो, रिंगणीचं बी गावोगाव उगवतं आणि बुवाही. खाटेखाली कुणी आहे का, एवढं तरी आधी बघत जा. मूल बोलत नसलं म्हणून त्याचं दुखणं मुकं नसतं. भूमिका रोज हंड्यावर ते सांगत होती, आणि आपण सगळे परातीत बघत होतो.