एका भाषेचे कपाट

मित्रांनो, वाचनालयाच्या जिन्याखाली, एक दार निखळलेले कपाट तुम्ही पाहिले असेल. ते मी. सुताराने मला नवे घडवले तेव्हा माझ्या काचांत बघून लोक भांग पाडत.

ग्रंथपालबाईंनी मला एका लहानशा भाषेची पुस्तके दिली. ती भाषा बोलणारी माणसे थोडी, पुस्तकेही थोडी. नियमाप्रमाणे शब्दकोश आणि व्याकरण भाषा विभागात जायचे, गाणी आणि गोष्टी साहित्य विभागात. बाईंनी मात्र सगळी माझ्यातच लावली. वरच्या फळीवर भाषा, खालच्या फळीवर साहित्य. त्या म्हणायच्या, "वाचताना शब्द अडला तर अर्थ हाताशी हवा."

माझ्याकडे फारसे कोणी फिरकत नसे. मग एक म्हातारे शिंपीकाका येऊ लागले. त्यांच्या बायकोला आजारपणात विसर पडत चालला होता. संसारभर ती नवऱ्याच्या भाषेत बोलली. आता ती भाषाच विसरली आणि जिभेवर फक्त माहेरची, माझ्या पुस्तकांतली भाषा उरली. काकांना ती येत नव्हती. ते तिचे शब्द कानात साठवून आणत, कोशात शोधत, आणि जाताना खालच्या फळीवरचे एखादे गाणे पाठ करून नेत. "काल माझ्याबरोबर गुणगुणली ती," असे त्यांनी सांगितले, तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नवे ग्रंथपाल नियमाचे पक्के. त्यांनी सगळे वर्गीकरण नव्याने करायला घेतले. माझा कोश भाषेच्या गठ्ठ्यात गेला, गाणी साहित्याच्या. दोन्हींवर चिठ्ठी लागली, 'इतर', आणि गठ्ठे माळ्यावर चढले.

त्याच दिवसांत काका धापा टाकत आले. "साहेब, ती सारखं एकच म्हणतेय. ओरमा, ओरमा. काय हवंय तेच कळत नाही."

"काका, गठ्ठे बांधलेत. सापडलं की बाजूला काढून ठेवतो."

काका माझे दार उघडून रिकाम्या फळीवरून हात फिरवत राहिले.

ग्रंथपालांनी मनापासून शोधले, खोटे कशाला सांगू? कोश सापडलाही. पण काका पुन्हा आले तेव्हा बायको जाऊन आठवडा झाला होता. तरी त्यांनी कोश मागितला. माझ्यासमोरच्या बाकावर बसून शब्द काढला, आणि पानावर बोट ठेवून तसेच बसून राहिले.

"काय निघाला अर्थ?" ग्रंथपालांनी हळूच विचारले.

"जवळ बस," काका म्हणाले. "आणि मी नुसता पळत होतो हो. पाणी आण, उशी आण, डॉक्टरांना बोलाव."

ग्रंथपालांनी सगळी पुस्तके पुन्हा माझ्यात आणून लावली. काका मात्र परत कधी आले नाहीत.

मित्रांनो, कोणी वाचत नाही म्हणून एखादे पुस्तक नजरेआड टाकू नका. कुठल्यातरी घरात, कोणीतरी, त्यातल्या एकाच शब्दासाठी खोळंबलेले असते.