पहिल्या घासाची ओवी

"अ स्तोर, अ स्तोर..." उशाशी कुणीतरी गुणगुणत असायचं. सूर पाळण्याचा, शब्द मात्र ना मराठी ना कानडी. सात वर्षांची शरणम्मा तेव्हा मिशनच्या दवाखान्यात पडून होती. हाडाचा क्षय, पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. दोन वर्षं. आवाज नोरा सिस्टरचा. सिस्टर आयर्लंडच्या. "'अ स्तोर' म्हणजे माझं सोनं. हे इंग्रजी न्हाय गं, माझ्या घरची भाषा हाय," त्या म्हणाल्या होत्या. "हितं माझ्याशी तिच्यात बोलणारं कुणी न्हाय."

आता एकोणीसशे शहात्तर साल. शरणम्मा कन्याशाळेत शिकवत होती, आणि तिच्या आईनं, चंद्रव्वानं, जात्यावर गायलेल्या ओव्यांचं पुस्तक तिनं छापायला दिलं होतं. सगळं छापून झालं, पण अर्पणाचं पान कोरंच होतं. त्या पानावर तिला सिस्टरच्या घरच्या भाषेतली ओळ हवी होती. सोलापुरात ती भाषा येणारं माणूस एकच, खुद्द सिस्टर. आणि त्या आज संध्याकाळच्या गाडीनं कायमच्या निघाल्या होत्या.

"बाई, एक ओळ लिहायला इतके दिवस?" छापखान्यात खिळे जुळवणारे हुसेनसाब सकाळी म्हणाले होते. "इतक्यात मी कुराणशरीफ जुळवलं असतं. दुपारपर्यंत आणा, न्हायतर पान कोरं जाईल."

दवाखान्याच्या रस्त्यावर ती भराभर चालत होती. दोन्ही बाजूंना मागांची खटखट. मागून चंद्रव्वा येत होती, काखेत कडक भाकरीचं गाठोडं. निरोप द्यायला ती मंद्रूपहून मुद्दाम आली होती. शरणम्माला ती आज सोबत नको होती, आणि नको म्हणवतही नव्हतं.

जात्याला पहिला घास घालताना जिच्या नावानं ओवी म्हणायची, ती ओवी तिची. मागाहून तिच्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं नसतं, असं अव्वानंच, म्हणजे आईनंच, शिकवलेलं. मग अव्वाच्या ओव्यांवर पहिलं नाव दुसरीचं कसं घालायचं? चालता चालता मनात आपोआप ओळी जुळत होत्या, आणि टोचत होत्या:

पहिल्या घासाची गं ओवी, सांग कुणाला मी वाहू?
एका घागरीचं पाणी, दोन वेलींना कसं देऊ?

सिस्टर व्हरांड्यात ट्रंकेवर बसून पट्टा आवळत होत्या. "आल्या मायलेकी. चंद्रव्वा, ट्रंक भरली की. भाकरी कुटं ठिवू, डोक्यावर?"

"पोटात ठिवा," चंद्रव्वा म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

शरणम्मा उभीच राहिली. "सिस्टर, एक ओळ तुमच्या भाषेत करून द्या. पुस्तकाच्या अर्पणाला. 'जिनं मला जपलं, त्या बाईला.'"

"माझ्या भाषेत? वाचणार कोण?"

"असू दे. शोभेला."

सिस्टरनी डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "जपलं... तुमी काळजी घेता. आमच्याकडं देतात. 'दन व्यॅन अ हुग आरे दम.' जिनं मला काळजी दिली, त्या बाईला."

शरणम्मानं ते नागरीत उतरवलं. घड्याळ बघून ती वळलीच होती, तर सिस्टर म्हणाल्या, "थांब, थांब. 'व्यॅन' म्हणजे नुसती बाई. आईला कुणी बाई म्हणतं व्हय? चंद्रव्वा, तुझी लेक शिकून वाया गेली. 'दो मो वाहर' लिही. माझ्या आईला."

"बाईच राहू द्या, सिस्टर."

"का म्हणून? जिच्या ओव्या, तिलाच परकं करतीस?"

बाई ठेवावं तर अव्वाचा अपमान, आई लिहावं तर अव्वासमोर खोटं. शरणम्मानं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तिकडं हुसेनसाब खोळंबले असतील. "उशीर होतोय," ती पुटपुटली.

"तिला कशाला पिडता, सिस्टरबाई," चंद्रव्वा खांबापासून म्हणाली. "आईच घाला. पर ते माझ्यासाठी न्हाय. तुमच्यासाठी हाय."

सिस्टरच्या हातातला पट्टा सुटला. शरणम्मा खाली बघत राहिली.

"अव्वा, तुला..."

"मला दिसतंय की, शरणे. ल्हानपणापासनं बघत आले." चंद्रव्वानं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. मग ती सिस्टरकडं वळली. "प्लास्टर निघालं अन् मी हिला घरी नेली. वरीसभर ताप आला की 'अव्वा, अव्वा' करायची. मी जवळ बसले की तोंड भिंतीकडं. कुणाला हाक मारती ते मला कळत हुतं. मंगळवारच्या बाजाराला आले की हितं यायची मी, दर येळी तुमी इचारायच्या, पोर माझी आठवण काढती का? अन् मी म्हणायची, न्हाय, इसरली. इसरली नव्हती, बाई. एक दिवस बी नव्हती."