हूंकाकांची सुनावणी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौकशीच्या खिडकीमागे ज्या ताई बसत, त्यांना शांतता सहन होत नसे. समोर कुणी नसलं तर त्या शेजारच्या टेबलाशी बोलत, शेजारचं टेबल रजेवर असलं तर फोटोकॉपीच्या मशीनला चार शब्द सुनावत. त्यामुळे शिक्षकेतर कर्मचारी संघटनेच्या सभेत जेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "आपला माळी निवृत्त झाला, आता प्रतिनिधी कोण होणार?" आणि सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा ती शांतता मोडायची जबाबदारी आपोआप ताईंवर आली.

"मी होते," त्या म्हणाल्या. लोकांनी इतक्या घाईनं टाळ्या वाजवल्या की विचार बदलायला जागाच उरली नाही.

घरी नवरा शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत बसला होता. सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं, "आणि यातून तुला मिळणार काय?"

"लोकांची गाऱ्हाणी."

"ती तर तुला आधीही मिळत होती," तो म्हणाला, आणि पुन्हा मशीन चालवायला लागला.

पण ताईंनी मनावर घेतलं. जुना माळी निरोप समारंभानंतर मुद्दाम थांबला आणि त्यानं त्यांना या कामातल्या खाचाखोचा सांगितल्या. साहेब गोड बोलायला लागले की समजायचं, पाणी मुरतंय. सुनावणीतून बाहेर येऊन श्वास घ्यायची सुट्टी कधीही मागता येते, मागायला लाजायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला माणूस भलतंच बोलायला लागला तर तोंडानं अडवायचं नाही, टेबलाखालून त्याचा पाय दाबायचा. ही खूण संघटनेत वर्षानुवर्षं चालत आली होती. माळ्याच्या पायानं म्हणे किती तरी नोकऱ्या वाचवल्या होत्या.

पहिले काही महिने पाय चालवायची वेळ आली नाही. ग्रंथालयातला पंखा, वाहन विभागाच्या गळक्या खोलीचं छप्पर, दोन शिपायांचं एकाच खुर्चीवरून झालेलं भांडण, असलीच कामं. ताईंनी ती बोलून बोलून तडीस नेली. समोरचा माणूस पटलं म्हणून नाही, तर दमला म्हणून हो म्हणायचा. ताईंना दोन्ही चालत होतं.

मग हूंकाकांचं प्रकरण आलं.

हूंकाका मोठ्या व्याख्यानगृहाचे राखणदार. दार उघडायचं, दिवे लावायचे, माईक जोडायचा, तास संपला की सगळं बंद करून कुलूप घालायचं. बोलणं बेताचंच. काहीही विचारा, उत्तर एकच, "हूं." म्हणून हे नाव. अशा या माणसानं भर तासात, प्राध्यापक शिकवत असताना, व्याख्यानगृहाचे सगळे दिवे घालवले होते. अंधार झाला आणि मुलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. दिवे गेले ते प्राध्यापकांनी कदाचित सोडून दिलं असतं, पण त्या टाळ्या त्यांच्या फार जिव्हारी लागल्या. त्यांनी थेट वर तक्रार केली, आणि हूंकाकांची शहराबाहेरच्या नव्या आवारात बदली करायचं ठरू लागलं. त्याआधी उपकुलसचिवांसमोर सुनावणी होणार होती.

दुसऱ्या कुणाची ही बदली झाली असती तर तो चार दिवस कुरकुरला असता आणि मग नव्या कँटीनच्या चहाला नावं ठेवत रमला असता. हूंकाकांचं तसं नव्हतं. त्यांच्या बायकोला पक्षाघात झाल्यापासून तिचा उजवा हात कामाचा राहिला नव्हता. सकाळी शेजारीण येऊन बसे, पण परक्या बाईच्या हातून घास घ्यायला काकूंना संकोच वाटे. म्हणून दुपारच्या सुट्टीत काका सायकल मारत घरी जात, तिला भरवत आणि परत येत. नव्या आवारातून दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं. बदली झाली तर काकूंना परकी माणसं भरवणार, नाहीतर त्या संध्याकाळपर्यंत उपाशी राहणार. त्या उपाशीच राहतील, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

"हेच सांगू या की साहेबांना," ताई म्हणाल्या. दोघं रिकाम्या व्याख्यानगृहाच्या पहिल्या बाकावर बसले होते. "दगडालाही पाझर फुटेल."

"ते घरातलं आहे," काका म्हणाले. हे त्यांच्या मानानं भाषण होतं. "तुम्ही बोलायचं नाही."

ताईंनी नाइलाजानं शब्द दिला. आणि मग डोकं चालवलं. बटणांचा फळा दाराशेजारीच होता. माणूस दाराशी उभा असतो, मागे सरकतो, खांदा लागतो. "काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, चुकून धक्का लागला. बाकी मी बघते. म्हणा बघू."

"हूं."

"हूं नाही, चुकून धक्का लागला."

"चुकून धक्का लागला," काका म्हणाले. आवाज असा, की स्टेशनवर गाडी रद्द झाल्याची घोषणा व्हावी. ताईंनी त्यांना ते उभ्यानं म्हणायला लावलं, बसून म्हणायला लावलं, थोडं ओशाळून म्हणायला लावलं. पायाची खूणही समजावली. "मी पाय दाबला की तोंड बंद. कळलं?"

"हूं."

ताई खूश झाल्या. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला तोच प्रसंग दोन्ही आवाजांत करून दाखवला. त्यानं तोंडातली टाचणी काढली, म्हणाला, "त्या माणसानं आजवर कधी थाप मारल्याचं ऐकलंयस तू?" ताईंनी त्याला गप्प केलं.

उपकुलसचिवांचं दालन मोठं होतं, पण सुनावणीचं टेबल त्यांनी कुठूनतरी अरुंद आणलं होतं. एका बाजूला काका आणि ताई, समोर उपकुलसचिव, टोकाला प्राध्यापक. ताईंनी अंदाज घेऊन उजवा पाय तयार ठेवला.

"बोला," उपकुलसचिव म्हणाले. "त्या दिवशी दिवे कसे गेले?"

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान डोलावून धीर दिला. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गेले नाहीत," ते म्हणाले. "मी घालवले. मुद्दाम."

ताईंनी टेबलाखाली पाय दाबला.

"मुद्दाम?" उपकुलसचिव पुढे झुकले. "म्हणजे तुम्हाला कल्पना आहे का की हे..." आणि ते एकदम थांबले.

काका मात्र थांबले नाहीत. "सरांचा तास वेळेत संपत नाही. रोज शेवटचा मुद्दा म्हणतात आणि मग आणखी दोन सांगतात."

ताईंनी आणखी जोरात पाय दाबला. काकांवर काही परिणाम नाही. या माणसाचे पाय लाकडाचे आहेत की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"पण तुम्ही त्यांना सांगायला..." उपकुलसचिवांनी सुरुवात केली, कळवळले, ताईंकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"मला कधीच कुणी सांगितलं नाही," प्राध्यापक म्हणाले.

"मी रोज दारात येऊन उभा राहतो, सर. तुम्ही हात करता."

"मला वाटायचं तुम्ही ऐकायला येता," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उपकुलसचिव काही बोलतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते खुर्ची मागे घेऊन गप्प बसून होते.

तेव्हा ती खोली शांत झाली. एरवी अशी शांतता ताईंनी दोन क्षणही टिकू दिली नसती. काकूंची सगळी हकीकत त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. पण शब्द दिला होता. त्यांनी दातांनी ओठ धरून ठेवला. इतका वेळ गप्प राहिल्याचं त्यांना आयुष्यात आठवत नव्हतं.

काकांनी टेबलावर हात ठेवले. "हॉल बंद केल्याशिवाय मला जेवणाची सुट्टी घेता येत नाही. माझी बायको आजारी आहे. हात चालत नाही तिचा. घरी गेल्यावर मी भरवतो. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही, थांबून राहते. त्या दिवशी आधीच उशीर झाला होता आणि सरांनी पुन्हा शेवटचा मुद्दा काढला. मला ती दाराकडे बघत बसलेली दिसायला लागली. मग दाबली बटणं." ते जरा थांबले. "चुकलं. पण चुकून नाही झालं."

ताईंचा पाय केव्हाच ढिला पडला होता. त्यांना रडू येत होतं आणि आपण शिकवलेल्या त्या धक्क्याची लाजही वाटत होती.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मला ही बदली नको आहे," ते उपकुलसचिवांना म्हणाले. मग काकांकडे वळले. "दारात येऊन उभे राहू नका. सरळ आत या, आणि माझ्यासमोरचा माईक बंद करा."

"हूं," काका म्हणाले.

उपकुलसचिवांनी तोंडी समज दिली, पुन्हा दिव्यांना हात लावायचा नाही असं बजावलं, आणि बदलीचा विषय तिथेच मिटवला. सगळे उठले तेव्हा त्यांनी ताईंना जरा थांबवून घेतलं.

"ताई, मी लोकांना मध्येच तोडतो, हे माझी बायकोही म्हणते. पण तुमची सांगायची पद्धत फारच ठोस आहे." त्यांनी पाय पुढे केला. चकचकीत काळ्या बुटावर चपलेचा धुळकट ठसा उमटला होता.

ताईंनी त्या ठशाकडे पाहिलं, मग आपल्या चपलेकडे. माळ्याच्या काळात टेबल रुंद होतं. त्यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, "माफ करा, साहेब," एवढं कसंबसं म्हटलं, आणि हसू फुटायच्या आत दार गाठलं.

बाहेर जिन्याशी काका सायकलची किल्ली हातात घेऊन उभे होते. ताईंना वाटलं, आभार मानायला थांबले असतील. त्यांनी "अहो, त्यात काय एवढं" म्हणायची तयारीही केली.

"तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलंत," काका म्हणाले. "ते मला आवडलं नाही."

ताईंचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तुम्ही इतक्या मनापासून शिकवत होतात."

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि वर पाहून म्हणाले, "एकटा आत गेलो असतो तर घाबरून तेच बोललो असतो, चुकून धक्का लागला म्हणून. शेजारी तुम्ही होतात, म्हणून खरं बोलायचा धीर झाला."

ताईंचे डोळे भरून आले. त्या ते लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"जा काका," त्या म्हणाल्या. "काकू जेवायच्या थांबल्या असतील."