न दिसणारे अण्णा

फाटकापासून पायरीपर्यंत नुसती दाटी झाली होती. बेकरीवाला पिठाच्या हातांनी दाराच्या चौकटीला शिवत होता आणि तेच हात डोळ्यांना लावत होता, त्यामुळे त्याच्या भुवया पांढऱ्याफटक झाल्या होत्या. समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट हात जोडून उभा होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पायरीवर खुर्ची टाकून, अण्णा डोळे अर्धे मिटून बसले होते.

"काय तेज आहे!" बेकरीवाला त्यांच्याकडे टक लावून म्हणाला. "समोर बसलेत, पण दिसत नाहीत!"

अण्णांची सून दातांची डॉक्टर होती. दवाखान्यातून येताना तिने हे वाक्य ऐकलं आणि तिच्याच दाढा ठणकायला लागल्या.

झालं होतं असं. तिच्या नवऱ्याने कामासाठी परगावी जाण्याआधी दारावर एक कॅमेरा बसवला होता. एकदा फाटक उघडं राहिलं, कुत्री आत शिरली आणि त्यांनी सगळ्या कुंड्या उकरल्या. सासूबाईंनी अण्णांना धारेवर धरलं. "मी नाही, हवं तर कॅमेऱ्यात बघ," अण्णा म्हणाले. सुनेने आपल्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं. त्यात पोस्टमन होता, मांजर होतं, मांजराला हाकलणाऱ्या सासूबाई होत्या. अण्णा मात्र कुठेच नव्हते. आदल्या दिवशी नव्हते, त्याच्या आदल्या दिवशीही नव्हते. ते बाहेर असले की कॅमेरा इमानेइतबारे चाले आणि घरी आले की मुका होई.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "मग एवढी वर्षं मी भांडतेय कुणाशी?"

त्या हे हसत म्हणाल्या, पण गोष्ट गल्लीभर झाली आणि शेजारी हसले नाहीत. त्यांनी शून्यबाबा नावाच्या एका बुवाला बोलावून आणलं. बाबाने दारात पाऊल टाकलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जो आडवा झाला तो तिथेच राहिला.

"देह आहे, पण दिसत नाही," तो सांगू लागला. "दिसत नाही, म्हणजे नाही. जो नाहीच, त्याला रोग कसा होईल? शून्याला कधी ताप येतो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"शून्याला कधी खोकला येतो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली, आणि त्याच वेळी अण्णांना ठसका लागला.

इथवर सगळी गंमतच होती. पण अण्णांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या तेव्हा सुनेचं हसू आटलं. सकाळी ते खुर्चीतून उठताना झोकांडले. तिने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर वाढलेला आकडा बघून ती लगेच गोळी आणि पाणी घेऊन आली.

"अण्णा, गोळी घ्या हो. तुमच्या पाया पडते."

"शून्याला कसलं प्रेशर, सूनबाई?" अण्णा मंद हसत म्हणाले. आयुष्यभर त्यांचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. आता अख्खी गल्ली त्यांचं खोकणंसुद्धा कान देऊन ऐकत होती. ते सुख त्यांना सोडवेना.

सुटीच्या दिवशी तिने कॅमेऱ्यालाच हात घातला. काच पुसली, तार तपासली, मेमरी कार्ड काढून पुन्हा बसवलं, सगळं बंद करून चालू केलं. अण्णा फिरायला गेले होते तोवर कॅमेरा उत्तम चालला. अण्णा आले आणि थांबला. ती शिडीवर बसून विचार करू लागली. माणूस तोच, दार तेच. मग जादू अण्णांच्या अंगात आहे की अंगावर?

"बाबा, एक प्रयोग करू?" तिने विचारलं.

"कर, बाळ," बाबा सोफ्यावरून म्हणाला. "शून्यातून काय वजा करशील?"

गर्दी जमली. अण्णांची टोपी काढली. कॅमेरा मुकाच. चष्मा काढला, घड्याळ काढलं, तरी मुकाच. अण्णा पायजम्याची नाडी घट्ट धरून म्हणाले, "सूनबाई, आता बास!" शेवटी तिने त्यांच्या खिशातला मोबाइल काढून शिंप्याच्या हातात दिला. तरीही काहीच दिसेना. बाबा खदखदून हसला, गर्दी हसली, आणि सून हिरमुसून पायरीवर टेकली.

तेवढ्यात शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. अण्णांचा मोबाइल खिशात टाकून तो लगबगीने तिकडे गेला. आणि सुनेचा फोन टिंग करून वाजला. पडद्यावर अण्णा आले. टोपी नाही, चष्मा नाही, दोन्ही हात नाडीवर. अगदी लख्ख.

"दिसले!" बेकरीवाला किंचाळला.

"संशय घेतला, शक्ती गेली!" बाबा गरजला.

इतक्यात शिंपी परत आला. तो फाटकाशी पोचला आणि कॅमेरा पुन्हा थांबला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे आता हाही शून्य झाला?" कुणीतरी पुटपुटलं. शिंपी लाजला, पण त्याने आशीर्वादाचा हात मात्र उचललाच.

"हात खाली घ्या," सून ताडकन उठत म्हणाली. "आणि खिशातला फोन द्या इकडे."

तिने अण्णांचा मोबाइल बंद केला. कॅमेरा चालू. मोबाइल चालू केला, त्याने घरचं वायफाय पकडलं. कॅमेरा बंद. तिने तो उघडून नवऱ्याने त्यात टाकलेलं कॅमेऱ्याचं ॲप शोधलं. आत स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं: 'हा फोन घरी असताना रेकॉर्डिंग थांबवा.' आणि त्यापुढे बरोबरची खूण.

"अण्णा, ही खूण कुणी केली?"

अण्णा काढून ठेवलेली टोपी चाचपू लागले. "फोनने विचारलं होतं गं. मी 'हो' दाबलं. तो जे विचारतो त्याला मी 'हो'च म्हणतो. इतक्या अदबीने विचारतो, नाही कसं म्हणायचं?"

आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांना. बाबा सोफ्यावरून उठला. "मीही हेच सांगत होतो," असं म्हणत त्याने चपला शोधल्या. घाईत डावी एकाची आणि उजवी दुसऱ्याची घालून तो निघाला. कॅमेऱ्याने तेही नीट टिपलं.

सुनेने पाण्याचा पेला आणि गोळी अण्णांसमोर धरली. "सोपं आहे सगळं," ती गर्दीला म्हणाली. "गोष्ट समजली नाही की लगेच हात जोडायचे नाहीत. एकेक वस्तू बाजूला करून बघायची. कारण सापडतं. आज नाही सापडलं तर उद्या सापडेल, पण तोवर औषध सोडायचं नाही."

अण्णांनी गोळी गिळली. चष्मा लावला, टोपी घातली आणि बेकरीवाल्याकडे रोखून बघितलं.

"मी म्हातारा, मला चढली," ते म्हणाले. "पण तुम्ही? माझ्यासमोर उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघत, मी दिसत नाही म्हणत होतात! अरे, कॅमेरा बंद होता. तुमचे डोळे तर उघडे होते ना?"

बेकरीवाल्याने खाली मान घालून भुवयांवरचं पीठ पुसलं.