न घेतलेलं नाव

त्या दिवशी सकाळपासून उन्हाची लू अशी सुटली होती की पोलादाच्या भट्टीच्या पायासाठी खणलेल्या मातीची लाल धूळ आभाळालाच जाऊन चिकटली होती, आणि भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड पडला होता. भिलाईत तेव्हा कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर झाले नव्हते. आम्ही भंडाऱ्याकडचे मजूर टिनाच्या कॅम्पात राहायचो. त्या धुळीतच दिल्लीहून फिल्लमवाले आले. देश नवा झाला, तर त्यातला माणूस कोण, हे त्यांना दाखवायचं होतं म्हणे.

त्यांनी मला भट्टीच्या खड्ड्यासमोर उभं केलं आणि माझ्या बायकोला, कौसल्येला, विचारलं, "बाई, ये आदमी कौन है? नाम बताओ."

आता आमच्यात बायको नवऱ्याचं नाव कशी घेणार? ती पदर दातात धरून खाली पाहत राहिली. साहेब पुन्हा पुन्हा विचारत होता. शेजारचा देवाजी, माझ्याच गावचा, हसून ओरडला, "घे ना वैनी, फकिरा म्हन! नाव घेतल्यानं तो झिजते का?" तिनं घेतलं नाही. यंत्र आपलं घरघरत राहिलं.

दिवाळीनंतर मैदानात पांढरं कापड बांधून ते फिल्लम दाखवलं. मी दिसलो, मग कौसल्या दिसली, गप्प. आणि वरून एक भरदार आवाज म्हणाला, की या माणसाला आता गाव नाही, जात नाही, नावही नाही. हा नवा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर हळूहळू मला हाका येईनाशा झाल्या. नळावर बाया "ओ भाऊ" म्हणू लागल्या, मुकादम नुसतं बोट दाखवू लागला. मी अंगठ्याचा माणूस. माझं नाव मी कधी लिहिलं-वाचलं नाही, ते लोकांच्या तोंडातच राहायचं. तिथून ते गेलं, तसं मलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटू लागलं, आणि भीती वाटली.

एका संध्याकाळी जेवताना मी कौसल्येला म्हटलं, "एक डाव घे माह्यं नाव. इथं कोन आयकून राह्यलं?"

तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"रीत गेली चुलीत," ती हळूच म्हणाली. "मले आठवलं असतं, तं कवाचंच घेतलं असतं." मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

मी ताटावरून उठून देवाजीच्या दाराशी गेलो. आम्ही लहानपणी एकाच रानात ढोरं राखली होती. तो तरी मला विसरणार नव्हता. तो कंदिलाची काच पुसत बसला होता.

"देवाजी," मी म्हटलं, "मले एकदा हाक मार गा."

त्यानं कंदील वर धरून माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, उठून बाज झटकली आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "बसा पाहुने. फकिरा ड्यूटीवरून येतच असन."